पहिल्याच नमुन्यात फ्यूजन शोधा : सांगली जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सांगली.

विषय : रक्ताचा कर्करोग झालेल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाची फ्यूजन (चुकीच्या जोडीने एकत्र आलेल्या जनुकांची) तपासणी पहिल्याच आठवड्यात आणि जिल्ह्याच्या खर्चाने व्हावी, याबाबत.

सविनय नमस्कार.

जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा ठरताना आपल्यापुढे रस्ते, बंधारे, शाळाखोल्या, अंगणवाड्या असे शेकडो विषय येतात. त्यांत आणखी एक विषय घ्यावा, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. या विषयाला पैसा थोडा लागतो, पण त्याची वेळ एकदाच येते. ती टळली की नंतर लाखो रुपये ओतूनही भरपाई होत नाही.

मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट आहे. जत-आटपाडीपासून शिराळ्यापर्यंतच्या, आणि कधी कधी कराड-पाटणकडच्याही मुलांचं रक्त आणि अस्थिमज्जेचे नमुने माझ्या टेबलावर येतात. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलाच्या रक्ताची काच रंगवून भिंगाखाली धरली, की निदानाला पाच मिनिटंही लागत नाहीत. निरोगी रक्तात निरनिराळ्या रूपांच्या, निरनिराळ्या वयाच्या पांढऱ्या पेशी दिसतात. इथे मात्र नजर जाईल तिथे एकाच साच्यातल्या पेशी असतात: मोठं, फुगलेलं केंद्रक आणि त्याच्याभोवती निळसर पेशीद्रव्याची बारीकशी कड. या ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व, पेशी. प्लेटलेट शोधाव्या लागतात. मुलाच्या अंगावर जांभळे डाग का आले, तापाचा पत्ता का लागत नव्हता, पाय दुखतात म्हणून ते चालायला का तयार नव्हतं, याचं उत्तर त्या काचेवर असतं.

एक गोष्ट मात्र त्या काचेवर कधीच दिसत नाही. दोन मुलांच्या काचा शेजारी शेजारी ठेवल्या तर मलाही फरक सांगता येत नाही. तरी त्यातलं एक मूल दोन-अडीच वर्षांच्या नेहमीच्या केमोथेरपीने पूर्ण बरं होण्यासारखं असतं, आणि दुसऱ्याला त्याच केमोथेरपीबरोबर एक विशिष्ट गोळी पहिल्या महिन्यातच सुरू झाली नाही तर आजार उलटण्याची दाट भीती असते. हा फरक पेशीच्या आत, गुणसूत्रांत असतो. तो शोधायला वेगळी तपासणी लागते, आणि माझं सगळं म्हणणं त्या तपासणीबद्दल आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. कधी दोन गुणसूत्रं एकाच वेळी तुटतात आणि पेशी ती जोडताना चुकीची टोकं जुळवते. एका जनुकाचा पुढचा भाग आणि दुसऱ्या जनुकाचा मागचा भाग एकत्र येतात. त्या जोडजनुकापासून एक नवंच प्रथिन तयार होतं, जे एरवी निरोगी पेशीत नसतं. हेच फ्यूजन प्रथिन. मिरज जंक्शनात शंटिंग करताना एका गाडीचं इंजिन भलत्याच गाडीच्या डब्यांना लागावं, तसा हा प्रकार आहे. दोन्ही भाग आपापलं काम नीट करतात, पण गाडी जिथे जायला नको तिथे जाते. मुलांच्या ल्युकेमियात अशी फ्यूजनं फार मोठ्या प्रमाणात सापडतात. सगळ्यांत नव्हे, काही मुलांच्या ब्लास्ट पेशींत गुणसूत्रांची संख्याच ५० च्या वर गेलेली असते आणि फ्यूजन नसतं. पण जिथे ते असतं तिथे बहुधा तेच आजाराचं मूळ असतं, आणि औषधाने नेमका कुठे घाव घालायचा हेही त्याच्यावरूनच कळतं.

पहिलं उदाहरण सगळ्यांत जुनं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना ल्युकेमियाच्या पेशींत एक नेहमीपेक्षा छोटं गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे बदलले आहेत. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे फ्यूजन तयार होतं. एबीएल हे प्रथिन पेशीला वाढीचा निरोप देतं, आणि एरवी स्वतःच्याच एका भागाने स्वतःला आवरून धरतं. फ्यूजनमध्ये तो आवरणारा भाग गळून पडतो. वर बीसीआरच्या तुकड्यामुळे ही प्रथिनं एकमेकांना बिलगतात आणि एकमेकांना चेतवत राहतात. निरोप थांबतच नाही. इमॅटिनिब ही गोळी एबीएलच्या ज्या खाचेत इंधन जाऊन बसतं ती खाच अडवते. २००१ मध्ये ती मोठ्या माणसांच्या दीर्घकालीन ल्युकेमियासाठी मंजूर झाली. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात (मुलांत सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया हाच) हे फ्यूजन शंभरात तीन ते पाच जणांतच असतं, पण पूर्वी त्या मुलांची अवस्था फार वाईट होती. अमेरिकेतल्या एका अभ्यासात केमोथेरपीला इमॅटिनिबची सलग जोड दिल्यावर तीन वर्षांनंतर आजार न उलटलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ८० टक्के निघालं. त्याआधीच्या मुलांत ते ३५ टक्के होतं. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या गोळीची एक बाजू आपल्या देशाच्या अभिमानाची आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा इमॅटिनिबच्या पेटंटचा दावा फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांनी बनवलेली स्वस्त इमॅटिनिब आपल्या रुग्णांना मिळत राहिली. म्हणजे औषध देशात आहे आणि आवाक्यातही आहे. ज्या मुलाला ते हवं, त्याला ते हवं आहे हेच कुणाला कळलं नाही तर मात्र त्या स्वस्ताईचा त्याला काही उपयोग नाही. माझी सगळी तळमळ इथे आहे.

दुसरं उदाहरण तान्ह्या बाळांचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला, तर चारपैकी साधारण तीन बाळांत ११ व्या गुणसूत्रावरचं केएमटी२ए हे जनुक तुटून दुसऱ्या कुठल्या तरी जनुकाला जोडलेलं सापडतं. अशी शंभरहून अधिक जोडीदार जनुकं आजवर माहीत झाली आहेत. केएमटी२एचा पुढचा भाग मेनिन नावाच्या प्रथिनाचा हात धरून डीएनएवर ठाण मांडतो, आणि जोडीदाराचा भाग तिथे जनुकं वाचणारी यंत्रणा ओढून आणतो. परिणामी होक्सए९, मेइस१ यांसारखी जनुकं, जी पेशी मोठी होताना बंद व्हायला हवीत, ती चालूच राहतात. पेशी वयात येत नाही, नुसती वाढत राहते. संशोधकांनी मग थेट फ्यूजनला हात घालण्याऐवजी मेनिनचा आधार काढून घ्यायचं ठरवलं. त्यातून आलेलं रेव्ह्युमेनिब हे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजूर केलं. उपचारांना दाद न दिलेल्या किंवा उलटलेल्या केएमटी२ए ल्युकेमियासाठी, मोठ्यांना आणि एक वर्षावरच्या मुलांना ते देता येतं. ज्या वयात हा आजार सर्वांत क्रूर, त्या एक वर्षाखालच्या बाळांना अजून ही परवानगी नाही. औषधालाही चकवणाऱ्या पेशी निघतात, मेनिनच्याच जनुकात बदल करून. तरीही, ज्या आजारापुढे आम्ही हात टेकत होतो त्याची एक नस सापडली आहे, हे खरं.

तिसऱ्या उदाहरणाबद्दल बोलताना मला नेहमी उभारी येते. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात पीएमएल-आरएआरए हे फ्यूजन असतं. हा आजार रक्तस्रावाने काही दिवसांत जीव घेऊ शकतो. १९८० च्या दशकात शांघायमध्ये वांग झेनयी यांनी अ जीवनसत्त्वापासून मिळणारं एक आम्ल या आजाराच्या पाच वर्षांच्या मुलीला दिलं आणि ती बरी झाली. त्याआधी १९७० च्या दशकात हार्बिनमधल्या डॉक्टरांनी सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरून पाहिलं होतं. पुढे कळलं, की ही दोन्ही औषधं त्या फ्यूजन प्रथिनाचाच नाश घडवून आणतात आणि अपरिपक्व अवस्थेत अडकलेल्या पेशी पुन्हा मोठ्या होऊ लागतात. आज या आजारातून दहापैकी नऊ जण बरे होतात. इथे अहवालाची वाट न पाहता, काचेवर संशय आला की औषध सुरू करायचं असतं. पेशीत काड्यांच्या जुडीसारख्या लाल रेघा दिसल्या, की मी अहवाल टाईप करत बसत नाही, थेट फोन लावते.

अगदी नवं असं एक सांगते आणि पुढे जाते. २०१२ मध्ये लहानग्यांच्या एका दुर्मिळ मायलॉइड ल्युकेमियात सीबीएफए२टी३-जीएलआयएस२ हे फ्यूजन सापडलं. १६ व्या गुणसूत्राचा तुकडा उलटा बसल्याने ते तयार होतं, आणि नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत ते दिसत नाही. या पेशी आपल्या पृष्ठभागावर फोलेट या जीवनसत्त्वाला पकडणारं एक प्रथिन दाखवतात, जे रक्त तयार करणाऱ्या निरोगी पेशींवर नसतो. म्हणजे फ्यूजनने आपल्याच पेशीवर खूण करून ठेवली आहे, आणि तीच धरून औषध आत पोचवायचे प्रयत्न जगात चालू आहेत.

आता जिल्ह्याकडे येते.

फ्यूजन शोधायचं तर अस्थिमज्जेचा पहिला नमुना उपचारांपूर्वी घ्यावा लागतो आणि दोन वेगळ्या नळ्यांत भरावा लागतो. गुणसूत्रं पाहायला आणि फिश तपासणीला (जनुकांना रंगीत ठिपके देऊन पाहण्याची पद्धत) हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी, कारण तिथे पेशी जिवंत लागतात. आरटी-पीसीआरला जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी, कारण तिथे पेशीतला आरएनए लागतो, आणि आरएनए फार नाजूक असतो. दोन दिवसांत नमुना प्रयोगशाळेत पोचून कामाला लागला नाही तर हाती काहीच येत नाही. शनिवारी संध्याकाळी काढलेला नमुना कुरिअरच्या गोदामात रविवार काढतो आणि मंगळवारी 'नमुना अयोग्य' असा शेरा येतो. तोवर मुलाला स्टेरॉइड आणि व्हिन्क्रिस्टिन ही केमोथेरपीची पहिली औषधं सुरू झालेली असतात, कारण थांबणं धोक्याचं असतं. ब्लास्ट झपाट्याने विरघळत असतात. मुलासाठी हे चांगलंच, पण पुन्हा नमुना घ्यावा तर शोधायला पुरेशा पेशी उरलेल्या नसतात. उपचार देणाऱ्या डॉक्टरांना मग फ्यूजन माहीत नसतानाच निर्णय घ्यावे लागतात.

पैशाची अडचणही याच घडीला येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे केमोथेरपीचा मोठा भार हलका झाला आहे आणि संरक्षणाची मर्यादाही दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली आहे. पण योजनेचा लाभ मूल दाखल होऊन, कागद चढून, मंजुरी मिळाल्यावर सुरू होतो. फ्यूजनचा नमुना त्याच्याही आधी, निदानाच्या दिवशीच, जायला हवा. काही हजार रुपयांचा प्रश्न असतो. बाप ऊसतोडीला किंवा द्राक्षबागेत रोजंदारीला जाणारा असेल तर तो म्हणतो, "मॅडम, ही तपासणी मागनं केली तर चालंल का?" मागून करून उपयोग नाही, हे त्याला सांगताना मला फार जड जातं.

म्हणून माझी पहिली मागणी अशी. नावीन्यपूर्ण योजनांसाठी राखलेल्या निधीतून किंवा आरोग्याच्या तरतुदीतून या तपासणीसाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी. सरकारी असो वा खासगी, जिथे निदान होईल तिथून नमुना जावा आणि बिल जिल्ह्याने भरावं, पालकांकडे कागद न मागता. किती मुलं असतील? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार होती. १५ वर्षांखालची मुलं त्यात ढोबळमानाने सात लाख धरू. दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण ३० ते ५० ल्युकेमिया, हे प्रमाण लावलं तर माझ्या अंदाजाने आकडा २० ते ३५ च्या आसपास येतो. एवढ्या मुलांचा तपासणीखर्च एखाद्या जोडरस्त्याच्या अंदाजपत्रकातही उठून दिसणार नाही.

दुसरी मागणी मोठी आहे, पण तिचा पाया याच शहरात घातलेला आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले तेव्हा नमुने पुण्याला पाठवावे लागत होते. मग मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाली, आणि आपल्या जिल्ह्याचं काम आपल्याच जिल्ह्यात होऊ लागलं. ल्युकेमियातली फ्यूजनं शोधायचं तत्त्व तेच आहे. आरएनएपासून डीएनए तयार करायचा, आणि सांध्याच्या एका बाजूला एका जनुकाचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या जनुकाचा प्रायमर, म्हणजे ते जनुक ओळखणारा डीएनएचा छोटा तुकडा, लावायचा. जनुकं जोडलेली असतील तरच यंत्रावर रेघ वर चढते. बीसीआर-एबीएल, ईटीव्ही६-रनएक्स१, टीसीएफ३-पीबीएक्स१ आणि केएमटी२ए-एएफएफ१ या चार फ्यूजनांचा संच इथे उभा करता येण्यासारखा आहे. नुसतं यंत्र असून भागणार नाही, हेही सांगते. तपासून घेतलेले संच, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि बाहेरच्या प्रयोगशाळेशी अहवाल ताडून पाहण्याची शिस्त लागेल. मुलांत बीसीआर-एबीएलचा बहुधा छोटा प्रकार असतो. तो न पकडणारा संच घेतला तर खोटा दिलासा मिळेल. आणि केएमटी२एचे शंभरावर जोडीदार या चारांच्या संचात मावत नाहीत. त्यासाठी फिश लागते, जिथे जनुकाच्या दोन टोकांना लाल आणि हिरवा ठिपका देतात आणि ठिपके एकमेकांपासून दूर गेलेले दिसले की जनुक तुटलं हे कळतं. ते नमुने, आणि ज्यांत काहीच सापडलं नाही असे नमुने, आरएनए सिक्वेन्सिंगसाठी (पेशीतला सगळा आरएनए अक्षरशः वाचून काढण्यासाठी) मुंबई-पुण्याला पाठवावेच लागतील. मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते. सुटीच्या दिवशीही त्या गाडीने खोका घेऊन जाणारा एक माणूस नेमणं जिल्ह्याला अवघड नाही.

या पत्राचा एक भाग माझ्या व्यवसायबंधूंसाठी आहे, कारण तालुक्याच्या ठिकाणी मूल आधी तुमच्याकडे येतं. पंधरा दिवस न हटणारा ताप, फिकट चेहरा, अंगावर डाग, गळ्यात गाठी, किंवा हाडं दुखतात म्हणून न चालणारं मूल आलं, तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताची काच पाहिल्याशिवाय डेक्साचं इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोन अशी स्टेरॉइडं देऊ नका, ही हात जोडून विनंती. स्टेरॉइड हे लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचंच एक औषध आहे. दोन दिवसांत मूल खेळायला लागतं, घरचे खूश होतात, आणि महिन्याभराने आजार दुप्पट जोराने परत येतो. मधल्या काळात घेतलेली अस्थिमज्जा धड निरोगीही दिसत नाही आणि धड आजारीही. जत तालुक्यातल्या एका मुलीच्या बाबतीत आम्हाला नेमकं हेच पाहावं लागलं. संधिवात समजून तिला कुठेतरी इंजेक्शनं दिली गेली होती. पांढऱ्या पेशी मुळात किती होत्या हेच कुणाला सांगता येईना, आणि ५० हजारांच्या वर की खाली, यावर उपचाराची तीव्रता ठरत असते. उपचारांआधीचा सीबीसीचा कागद पालकांकडे जपून द्या, एवढं तरी करा.

आणखी एका गोष्टीसाठी मला फ्यूजनचा अहवाल हवासा वाटतो. मुलांत सर्वाधिक ऐकू येणारं नाव ईटीव्ही६-रनएक्स१. पाश्चात्त्य देशांत दर चार मुलांमागे साधारण एकात ते सापडतं, आणि ते असेल तर मूल बरं होण्याची शक्यता फार चांगली असते. काही मुलांना सौम्य उपचार पुरतात. १९९० च्या दशकात ब्रिटनमधले मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या, जन्मानंतर लगेच कागदावर टिपून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबांत नेमकं तेच फ्यूजन शोधून काढलं. एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांत तर सांधा अक्षर न् अक्षर सारखा निघाला. म्हणजे जोडणी गर्भातच झालेली असते. ते घेऊन जन्मलेल्या बहुसंख्य मुलांना आजार कधीच होत नाही, कारण पुढे आणखी काही बदल घडावे लागतात. आमच्याकडे मात्र निदानाच्या दिवशी वॉर्डाच्या दारातच सुरू होतं: ग्रहणात बाहेर पडली होतीस का, काय खाल्लंस, कुणाचं काय ओलांडलंस. द्राक्षबागेतल्या फवारणीबद्दलही विचारतात. तो प्रश्न गंभीर आहे. कीटकनाशकं आणि मुलांचा ल्युकेमिया यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे आणि गरोदर बायकांनी फवारणीपासून लांबच राहावं. पण एका मुलाच्या आजारासाठी एका आईकडे बोट दाखवायला त्यातून कुठलाही आधार मिळत नाही. अहवालातलं ते एक नाव हातात असलं, की मी त्या आईच्या सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगू शकते, की पेशीतली ही जोडणी आपोआप घडलेली आहे आणि हिने काही केल्याने झालेली नाही. म्हणून तिसरी मागणी: प्रत्येक अहवालासोबत पालकांसाठी मराठीत एक पान जोडलेलं असावं. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन.

एकदा फ्यूजन कळलं की त्याचा माग पुढेही काढता येतो. उपचारांनंतर लाखभर निरोगी पेशींत एखादी आजारी पेशी उरली असली, तरी पीसीआर तिला पकडू शकतं, आणि आजार डोळ्यांना दिसण्याआधी डॉक्टरांना इशारा मिळतो. हे काम मिरजेत झालं तर दर तपासणीसाठी मुंबईतल्या परळच्या कर्करोग रुग्णालयापर्यंतचा प्रवास, फुटपाथवरचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी वाचेल. मध्येच उपचार सोडणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. ती बहुधा याच खर्चापुढे हरलेली असतात.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. मला पंधरा मिनिटं दिलीत तर सूक्ष्मदर्शक, दोन मुलांच्या काचा आणि त्यांचे फ्यूजनचे अहवाल घेऊन मी येईन. नावं झाकलेली असतील. अंदाजपत्रकाचा कच्चा तक्ता, लागणाऱ्या संचांची यादी आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचा आराखडा तयार आहे. तो जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिष्ठाता यांच्याकडे या पत्राबरोबरच देत आहे. बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज